गुदाशयाच्या ऑपरेशननंतरची साधनं: कशाने खरंच फरक पडतो?

गुदाशयाचा कॅन्सर काढला, पोटावरची (शौच बाहेर घेणारी) तात्पुरती पिशवी बंद झाली, टाके भरले, आणि मग दिवसाला दहा-बारा वेळा संडास. जाऊन येतो न येतो तोच पुन्हा कळ. तासाभरात चार फेऱ्या होतात, मग अर्धा दिवस काहीच नाही. गॅस सोडावा तर त्यासोबत आणखी काही येईल का, याचा भरवसा नाही. याला 'लार्स' म्हणतात, म्हणजे लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम. या त्रासासाठी भुकटीपासून पाण्याच्या पंपापर्यंत बरंच काही विकलं जातं. त्यातलं काय कामाचं, कोणत्या क्रमाने वापरायचं आणि कुठे पैसे वाया जातात, ते बघू.

काहीही विकत घेण्याआधी लार्स स्कोअरची प्रश्नावली भरावी. ती २०१२ साली डेन्मार्कमध्ये तयार झाली. प्रश्न पाचच आहेत: गॅस आवरतो का, पातळ शौच आवरतं का, दिवसाला किती वेळा जावं लागतं, तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि धावत सुटावं लागतं का. गुण ० ते ४२. २० पर्यंत लार्स नाही असं धरतात, २१ ते २९ सौम्य, ३० ते ४२ तीव्र. नवीन औषध किंवा साधन सुरू करताना एकदा भरा, महिन्याभराने पुन्हा भरा. 'जरा बरं वाटतंय' यापेक्षा आकडा खरं बोलतो.

हे का होतं, ते कळलं तर निम्मी खरेदी आपोआप टळते. गुदाशय ही साठवणीची टाकी होती, ती काढली. आता वरचं मोठं आतडं थेट खाली जोडलेलं आहे. ते ढकलायला शिकलेलं आहे, साठवायला नाही. रेडिएशन झालं असेल तर उरलेला भाग कडक झालेला असतो, थोडंसं आलं तरी कळ देतो. गुदद्वाराचा स्नायूही ऑपरेशनमध्ये ताणला गेलेला असतो. म्हणून हाताशी तीनच उपाय उरतात: मळ घट्ट करणं, आतड्याचा वेग कमी करणं, आणि आतडं एकाच वेळी नीट रिकामं करणं. या तिन्हींपैकी एकही न करणारं उत्पादन म्हणजे फार तर परिणाम झाकायचं साधन. पॅड, सुगंधी वाइप्स, कोळशाचे कप्पे लावलेल्या चड्ड्या सगळे त्यातच आले. त्यांचा उपयोग नाही असं नाही, पण सुरुवात तिथून करू नये.

इसबगोल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चुकीचं वापरलं जाणारं. बद्धकोष्ठतेवरचं औषध म्हणून सगळ्यांना माहीत असल्याने 'मला तर आधीच सारखं जावं लागतं, हे कशाला?' असा प्रश्न हमखास येतो. इसबगोलचा भुसा पाणी धरून जेली बनवतो. मळ कोरडा असेल तर ती जेली त्याला मऊ करते, पातळ असेल तर बांधून ठेवते. लार्समध्ये आपल्याला हे दुसरं काम हवं असतं. तुकड्या-तुकड्यांनी येणारं एकत्र आलं की फेऱ्या कमी होतात.

सुरुवात दिवसातून एकदा, अर्ध्या चहाच्या चमच्याने. चार-पाच दिवस तेवढंच, मग एक चमचा, मग सकाळ-संध्याकाळ. एकदम दोन चमच्यांवर उडी मारली तर पोट फुगतं, गॅस वाढतो, आणि गॅस हीच तर इथली अडचण. ग्लासभर, म्हणजे साधारण २४० मिली पाण्यात टाकायचं, ढवळायचं आणि लगेच प्यायचं. ग्लास बाजूला ठेवून फोन घेतलात तर परत येईपर्यंत वर चिकट थर आणि तळाशी गोळा झालेला असतो. तो गोळा घशात अडकू शकतो, तो ग्लास सरळ ओतून द्यावा. कोरडा भुसा तोंडात टाकणं तर कधीच नको. घट्टपणासाठी घेत असाल तर त्यावर लगेच आणखी पाणी पिऊ नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

दोन गोष्टी पाकिटावर बघायच्या. पहिली, भुसा आहे की दळलेली पावडर. भुसा हलका असतो. त्याच चमच्यात पावडर वजनाने कितीतरी जास्त मावते. ब्रँड बदलल्यावर अचानक पोट गच्च झालं तर कारण बहुतेक हेच असतं. दुसरी, गोडी कशाची आहे. संत्रा-लिंबू स्वादाच्या काही पाकिटांत सॉर्बिटॉल किंवा तत्सम गोडवा असतो, आणि तो स्वतःच शौच पातळ करतो. एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्या हाताने सोडायचं, असा प्रकार. बिनस्वादाचा साधा भुसाच घ्यावा. बाकीची औषधं आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण जेली औषधंही धरून ठेवते.

आतड्याच्या जोडाशी आकुंचन आलेलं असेल, गिळायला त्रास असेल, किंवा ऑपरेशननंतर कमी चोथ्याचा आहार अजून चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

लोपेरामाइड

वेग कमी करणारं मुख्य औषध. गोळी किंवा कॅप्सूल २ मिलिग्रॅमची. ते आतड्याची हालचाल मंदावतं, पाणी शोषायला वेळ देतं, आणि गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा ताणही थोडा वाढवतं. हा शेवटचा फायदा लार्सच्या पेशंटला विशेष हवा असतो.

घेण्याची पद्धत मात्र पाकिटावरची चालत नाही. पाकिटावर साध्या जुलाबासाठीची सूचना असते: प्रत्येक पातळ शौचानंतर एक. लार्समध्ये जुलाब झाल्यावर घेऊन उपयोग नाही, तोवर फेऱ्यांची माळ सुरू झालेली असते. जेवणामुळे आतड्याला जी चालना मिळते तिच्या आधी औषध पोहोचायला हवं. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. बहुतेकांना सकाळच्या खाण्याआधीची मात्रा सगळ्यात जास्त उपयोगी पडते. बाहेर जायचं असेल तर निघण्याआधी तासभर.

कमी मात्रेपासून सुरुवात करावी. २ मिलिग्रॅमने दोन दिवस पोट बंद राहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम आलं, तर ती मात्रा तुमच्यासाठी जास्त आहे. अशा वेळी पातळ औषध घ्यावं. त्यात १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मोजता येतं. कॅप्सूल उघडून भुकटी अंदाजाने अर्धी करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. वरची मर्यादा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला १६ मिलिग्रॅम. चिठ्ठीशिवाय स्वतःहून घेताना अमेरिकेत ती ८ मिलिग्रॅमच आहे. खूप मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, २०१६ साली तिथल्या औषध नियंत्रकांनी तसा इशारा दिला होता. ताप, शौचातून रक्त, फुगलेलं दुखरं पोट, उलट्या यांपैकी काहीही असेल तर लोपेरामाइड बंद आणि डॉक्टरांना फोन. अशा वेळी आतडं थांबवणं धोक्याचं असतं.

इसबगोल आणि लोपेरामाइड ही जोडी महिनाभर नीट घेतली तर पुष्कळांना पुढच्या महागड्या साधनांची गरजच पडत नाही. ज्यांना पडते, त्यांनाही ही जोडी सोडायची नसते.

पित्ताचा जुलाब असेल तर

हे गुदाशयाचं प्रकरण नाही, पण गोंधळ होतो म्हणून इथे. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, उजवीकडचं मोठं आतडं काढताना तो बरोबर गेला असेल, किंवा पित्ताशय काढलं असेल, तर पित्तातली आम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाणी सुटतं. शौच पाण्यासारखं, पिवळट-हिरवट, जळजळ करणारं. यावर इसबगोल अपुरं पडतं. इथे ही आम्लं धरून ठेवणारं कोलेस्टिरामिन हवं. ४ ग्रॅमची पुडी येते, सुरुवात अर्ध्या पुडीने करतात. चव वाळू घोळल्यासारखी लागते, त्याला इलाज नाही. थंड पाण्यात ढवळून पटकन संपवावी. इतर औषधं तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर, नाहीतर ती शोषलीच जात नाहीत. चव सहन होत नसेल तर कोलेसेव्हेलामच्या ६२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत, मोठ्या असल्या तरी बेचव.

एक धोका: लहान आतड्याचा साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त शेवटचा भाग गेला असेल तर शरीराकडे पित्तच कमी पडतं. तिथे कोलेस्टिरामिन दिलं की चरबी पचत नाही आणि जुलाब वाढतात. ऑपरेशनच्या कागदावर किती लांबीचा तुकडा काढला ते लिहिलेलं असतं. तो कागद हाताशी ठेवा.

कातडीसाठी

दिवसाला आठ-दहा वेळा पुसलं की गुदद्वाराभोवतीची कातडी आधी लाल होते, मग सोलवटते, मग प्रत्येक फेरीला डोळ्यांत पाणी येतं. इथे सगळ्यात चांगलं साधन म्हणजे कोमट पाणी. हँड शॉवर किंवा बिडे असेल तर प्रवाह अगदी हलका ठेवायचा. जोराच्या धारेने जोडाच्या वरचा भाग चाळवला जातो आणि पुन्हा कळ येते. साबण नको. मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. हेअर ड्रायर वापरणार असाल तर थंड हवेवर.

ओल्या वाइप्सबद्दल एकच सांगायचं आहे: घटकांत मिथाइलआयसोथायझोलिनोन (वाइप्स टिकवणारं रसायन) किंवा सुगंध दिसला की खाली ठेवा. या रसायनाची अ‍ॅलर्जी चांगलीच परिचित आहे, आणि सोललेल्या कातडीवर ती लवकर पकडते. मग 'मलम लागू पडत नाही' म्हणून मलमं बदलत बसायची वेळ येते, आणि दोष असतो वाइप्सचा.

मलमांत दोन प्रकार ओळखायचे. झिंक ऑक्साइडची पेस्ट, १० ते ४० टक्क्यांपर्यंत मिळते. टक्का जास्त तितकी ती घट्ट आणि तितकी चिवट. सोललेल्या कातडीवर रात्री हीच लावावी. दुसरा प्रकार डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेलीचा. तो हलका, पारदर्शक, दिवसा चालतो, पण दर दोन-तीन फेऱ्यांनी पुन्हा लावावा लागतो. झिंकच्या बाबतीत होणारी मोठी चूक म्हणजे प्रत्येक फेरीनंतर ती घासून पूर्ण काढणं. ती निघत नाही, कातडी निघते. वरचा मळलेला थर ओल्या कापसाने अलगद टिपून घ्यायचा, खालचा पांढरा थर तसाच ठेवून वर नवा थर द्यायचा. पूर्ण काढायचीच असेल तर पाणी नाही, थोडं खनिज तेल लावून मिनिटभर थांबायचं, मग ती सहज सुटते. जाड थर लावून वर पॅड ठेवलं तर मलम पॅडच्या जाळीत भरतं आणि पॅड काही शोषत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

पोटावर अजून पिशवी असेल तर यातलं कुठलंही मलम पिशवीच्या चिकट चकतीखाली लावू नका, चकती धरणार नाही. तिथे अल्कोहोल नसलेला स्प्रे किंवा पुसण्याचा बॅरिअर फिल्मच (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारा) वापरायचा, आणि चकती लावण्याआधी तो पूर्ण वाळू द्यायचा.

पाण्याने आतडं धुण्याचा संच

या लेखातलं सगळ्यात महाग साधन हे, आणि योग्य माणसाच्या हाती पडलं तर सगळ्यात मोठा फरक पाडणारंही. याला ट्रान्सएनल इरिगेशन म्हणतात. गुदद्वारातून कोमट पाणी आत सोडायचं, ते मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात जातं, आणि बाहेर येताना साठलेलं घेऊन येतं. एकदा नीट रिकामं झालं की पुढचे चोवीस, कधी अठ्ठेचाळीस तास शांततेत जातात. दिवसभर फुटकळ येत राहणारं एका तासात उरकायचं, हा त्यामागचा हिशोब.

बाजारात कोलोप्लास्टचं पेरिस्टीन प्लस, वेलस्पेक्टचं नाविना, आणि क्यूफोरा ही नावं ठळक आहेत. नाविनात हाताने चालणारा आणि विजेरीवर चालणारा असे दोन्ही प्रकार आहेत. क्यूफोरात थोड्याच पाण्याचा छोटा हातपंपही मिळतो. पण ब्रँडपेक्षा टोक कसलं आहे, हा प्रश्न मोठा. फुग्याचं कॅथेटर (बारीक नळी) आत गेल्यावर फुगवतात, ते स्वतःच जागेवर बसतं, हात मोकळा राहतो. दुसऱ्या प्रकारचं टोक म्हणजे शंकू, तो हाताने दाबून धरावा लागतो. ज्यांचा आतड्याचा जोड गुदद्वाराच्या अगदी जवळ आहे त्यांच्यासाठी आमचा कल स्पष्टपणे शंकूकडे. फुगा फुगतो नेमका जोडाच्या आसपास, आणि रेडिएशन झालेल्या आतड्याची जाणीव बोथट झालेली असते, ताण पडतोय हे वेळेत कळत नाही. शंकूला हात गुंततो, सुरुवातीला पाणीही गळतं, पण तो आत जाऊन काही फुगवत नाही. शिवाय आत टाकी उरलेलीच नसल्याने पुष्कळांना लिटरभर पाण्याची गरजच पडत नाही. काहींना शंभर-दोनशे मिलीचा छोटा पंप पुरतो. म्हणून मोठा संच घेण्याआधी छोट्यावर काही आठवडे काढून बघा.

कृती अशी. जेवणानंतर अर्ध्या तासाने बसायचं, कारण त्या वेळी आतडं स्वतःहून हलत असतं. वेळ रोज एकच. पाणी ३६ ते ३८ अंश सेल्सियस. हाताच्या अंदाजाने नाही, थर्मामीटरने. थंड पाण्याने पोटात पेटके येतात, गरम पाण्याने आतडं भाजतं. नळीतली हवा आधी काढून टाकायची, नाहीतर तीच आत जाते आणि पुढचे दोन तास गॅसचे. कॅथेटरवर वंगणाचा थर असेल तर तो सूचनेप्रमाणे पाण्यात भिजवून चालू करायचा. शंकूला पाण्यात विरघळणारं जेल. पहिल्या दिवशी २५० ते ३०० मिली, मिनिटाला २०० ते ३०० मिलीपेक्षा वेगाने नाही. पोटात कळ आली की थांबायचं, दोन-तीन श्वास घ्यायचे, मग पुढे. टोक काढल्यावर लगेच जोर लावू नये. पाणी आपोआप येतं, मध्ये थांबतं, पुन्हा येतं. २० ते ३० मिनिटं धरून चालायची. पुढे झुकून बसणं आणि बेंबीच्या उजवीकडून डावीकडे पोट चोळणं, याने मदत होते.

पहिले दहा-पंधरा दिवस रोज. जमलं की एक दिवसाआड करून बघायचं. कुठे काय चुकतं तेही ठराविक असतं. पाणी आत जातच नसेल तर समोर मळाचा गोळा तरी आहे, नाहीतर टोक भिंतीला टेकलंय. जोर न लावता थोडं मागे घ्यायचं. पाणी आत गेलं पण बाहेर आलंच नाही, तर बहुतेक वेळा शरीरात पाण्याची कमतरता असते आणि आतड्याने ते पिऊन टाकलेलं असतं. तासाभराने चड्डीत गळलं, तर पाणी जास्त झालं किंवा लवकर उठलात. मात्रा ५० ते १०० मिलीने कमी करा, दहा मिनिटं जास्त बसा. लख्ख ताजं रक्त किंवा थांबत नाही असं पोटदुखणं आलं, तर त्याच मिनिटाला बंद आणि सरळ हॉस्पिटल. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका फार दुर्मिळ आहे, दहा लाख वेळांमागे साधारण दोन असा अंदाज मांडला गेला आहे. पण सुरुवातीच्या आठवड्यांत आणि ओटीपोटाचं ऑपरेशन आधी झालेल्यांत तो जास्त असतो, आणि लार्सचे सगळे पेशंट दुसऱ्या गटातच मोडतात. म्हणून ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत नाही, जोड भरल्याची सर्जनने खात्री केल्याशिवाय नाही, आणि पहिली वेळ प्रशिक्षित नर्ससमोरच. ऑनलाइन मागवून व्हिडिओ बघून सुरू करण्याची ही वस्तू नव्हे.

तक्रारी? वेळ खातं. घरातली एकमेव संडास पाऊण तास अडते, ते घरच्यांशी आधी बोलून घ्यावं. कॅथेटर एकदाच वापरून टाकायचं, त्यामुळे खर्च एकदाचा नसून दर महिन्याचा. विमा किंवा सरकारी योजना कॅथेटर धरते की फक्त पंप, हे आधी विचारावं. प्रवासात पिण्यायोग्य पाणीच वापरायचं.

बाकीचं थोडक्यात

ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि बायोफीडबॅक (स्नायूची हालचाल यंत्रावर दाखवून शिकवणं) ही सेवा चांगली आहे, पण देणारा माणूस पारखून घ्यावा. ज्या ठिकाणी 'आवळा, सोडा' एवढंच सांगून कागद हातात देतात तिथे परत जाऊ नका. आवळण्याइतकंच पूर्ण सैल सोडायला आणि कळ आल्यावर थोडं थांबायला शिकवलं पाहिजे, आणि स्नायू खरंच हलतोय का हे तपासून दाखवलं पाहिजे.

प्रोबायोटिक कॅप्सूल लार्ससाठी घेण्यात अर्थ दिसत नाही. साठवणीची जागा गेलीय, जंतू नव्हे.

लहान आतड्याची पिशवी अजून असलेल्यांनी स्पोर्ट्स ड्रिंक्सवर भरवसा ठेवू नये. त्यात मीठ कमी आणि साखर भरपूर, त्याने पिशवी आणखी वेगाने भरते. ओआरएसच घ्यावं. पिशवीतून दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जात असेल तर साधं पाणी ढोसून तहान भागत नाही, उलट मीठ वाहून जातं.

पॅडमध्ये लघवीसाठीचे पॅड इथे फसवतात. त्यांतले कण पातळ द्रव धरतात, मळ वरच राहतो आणि कातडीला लागतो. थोडं डागण्यापुरतं असेल तर नितंबांच्या घडीत बसणारा छोटा पॅड किंवा घडी घातलेला कापसाचा गॉझ जास्त चांगला, बदलायलाही सोपा. फोमचा गुदद्वार-प्लग मिळतो, तो आत जाऊन फुलतो आणि १२ तासांपर्यंत ठेवता येतो. पोहायला जाण्यासाठी किंवा एखाद्या कार्यक्रमापुरता ठीक. पण जोड खाली असेल तर सतत कळ येत राहते आणि बरेच जण तासाभरात काढून टाकतात. पूर्ण पाकीट घेण्याआधी दोन्ही मापांचा एकेक नमुना मागून बघा, आणि जोड गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे ते सर्जनला विचारूनच लावा.